पापडीची कंबर

हुडकेश्वर रोडवरच्या आमच्या लेआउटच्या वस्तीत १९८७ साली कॉम्प्युटर चालवणारं माणूस एकच, आणि ती बाई होती, हे आम्ही अजूनही पाव्हण्यांना सांगतो. उत्तरा तिचं नाव. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची.

तिचं काम असं: सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवायचा, रक्ताच्या थेंबाचं चित्र कॉम्प्युटरात घ्यायचं आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी मशीननंच मोजायच्या. सुट्या पेशी बरोबर मोजल्या जात. पण चारपाच जणी एकमेकींना चिकटल्या की मशीनच्या लेखी ती एकच धिप्पाड पेशी. विभागप्रमुख मनोहररावांनी सांगून टाकलं होतं, "शनिवारी रक्ताचे डॉक्टर पाहायला येताहेत. नाही जमलं तर मशीन सिव्हिल इंजिनिअरिंगवाल्यांना देऊन टाकू, मॅडम."

त्याच आठवड्यात तिच्या सासूबाई यमुताई घराच्या स्लॅबवर तांदळाच्या पापड्या वाळवत होत्या. जवळजवळ घातलेल्या काही वाळताना चिकटल्या. उत्तरा एक जोडपापडी तोडू लागली.

"अवं, कुठूनबी काहून तोडून राहिली? दोन्हीकून खाच पडली ना, थे तिची कंबर. तिथून तोड."

उत्तरा पापडी हातात धरून बसूनच राहिली.

"तोडतं का नुसती वाचून राहिली तिले?" यमुताई म्हणाल्या.

उत्तरानं मशीनला कंबर शोधायला शिकवलं. समोरासमोर दोन खाचा दिसल्या की मधून रेघ. शनिवारी डॉक्टरांसमोर मशीननं गुच्छातल्या पाच पेशी पाच मोजल्या. मनोहरराव चहा सांगायला वळले.

"सर, थांबा. कोपऱ्यात चूक आहे."

कोपऱ्यात पेशी एकच होती, पण तिच्या पोटातलं गडद केंद्रक तीन गाठींचं, दोन कमरांचं. मशीननं तिथे दोन रेघा मारून एकीच्या तीन केल्या होत्या. डॉक्टरांचं तिकडे लक्षही नव्हतं.

"एवढं चालतं हो," मनोहरराव हळूच म्हणाले.

"रक्तात नाही चालत, सर. धडधाकट माणूस आजारी ठरेल. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "मी बसतो."

उत्तरानं डबाही उघडला नाही. मशीन आतल्या केंद्रकाच्या कडेला भुलत होतं. तिनं त्याला पेशीच्या बाहेरच्या फिक्या कडेवरच खाचा शोधायला लावल्या. ऊन उतरता उतरता चित्र पुन्हा पडद्यावर आलं. गुच्छातल्या पाच, कोपऱ्यातली एक. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून स्वतः मोजल्या आणि म्हणाले, "मनोहरराव, मशीन इथून हलवू नका. रक्त लावलेल्या पुढच्या काचा मी आणून देतो."

घरी तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्या पापडीनं तुले फसवलं म्हन."

"अर्धं फसवलं, आई. पाच तर तिनंच सोडवल्या."

दुसऱ्या दिवशी नळावर यमुताई शेजारच्या प्रयागबाईंना सांगत होत्या, "आमच्या सुनेनं डॉक्टरच्या समोर सोताची चूक काढली. त्याले तं दिसलीबी नव्हती."

"चूक केली, आन् वरून गावभर सांगून राहिली काय वं?"

"हो," यमुताईंनी घागर कमरेवर घेतली. "तुह्यावानी झाकत नाई ते."