मॅडमचा गुरुवार

"गुरुवार म्हणजे शनिवार ना, मॅडम?" विठोबा मिस्त्रींनी पॉलिशचा बोळा डब्यात बुडवत विचारलं.

उल्हासनगरच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. कारागीर वेळेत काम देत नाहीत, म्हणून मी प्रत्येक डेडलाइन दोन दिवस अलीकडची सांगायचे. ही युक्ती सगळ्यांना कधीच कळली होती. आमच्याकडे 'मॅडमचा गुरुवार' आणि 'खरा गुरुवार' असे दोन गुरुवार चालायचे.

या वेळी मात्र शेठनी बजावलं होतं, "बदलापूरच्या पार्टीकडे साखरपुडा आहे. गुरुवारी सोफा पोचला नाय, तर मिस्त्रीला बोल, दुसरीकडे काम शोध. लास्ट वॉर्निंग." पार्टी म्हणजे आमच्या भाषेत गिऱ्हाईक.

मी ते विठोबांना जसंच्या तसं सांगितलं. ते हसले. "मागच्या टायमाला पण लास्टच होती."

बुधवार उजाडला तरी पॉलिशचा शेवटचा हात बाकी. पॉलिश सुकल्याशिवाय सोफ्याला कापड चढवता येत नाही, घाई केली तर चिकटतं. माझं डोकंच फिरलं. मी मोबाइलवर पार्टीचा नंबर काढला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"सोफा येत नाही, हे तुम्हीच सांगा."

"मी? कोणाला?"

"नवरीच्या आईला."

विंचवाकडे बघावं तसे ते फोनकडे बघत राहिले. दोन मुलींची लग्नं लावलेला माणूस!

"मुलीच्या आईला असं कसं बोलणार, मॅडम?" म्हणत त्यांनी फोन परत दिला आणि बोळा उचलला. दुपारचा चहासुद्धा उभ्यानेच घेतला.

रात्रीतून कापड चढवून गुरुवारी टेम्पोतून सोफा घेऊन आम्ही दोघं बदलापूरला, बेलवलीत पार्टीच्या घरी पोचलो. नवरीच्या आईने दार उघडलं. मागे हॉलमध्ये शिडीवर पेंटर, भिंती ओल्या.

"अगं बाई! आजच आणलात?" त्यांनी कपाळाला हात लावला. "साखरपुडा पुढच्या रविवारी आहे. तुम्ही फर्निचरवाले उशीर करताच, म्हणून शेठना या रविवारचा सांगितला. आता ठेवू कुठे?"

सोफा शेजाऱ्यांच्या पॅसेजमध्ये ठेवला. मी दोन दिवसांची चलाखी करायचे, बाईंनी सरळ आठवड्याची केली. चोरावर मोर! मला हसू आवरेना. विठोबांची नोकरी वाचली होती, तरी परतताना ते धुसफुसत होते, "उगाच उभ्याने चहा प्यायलो."

दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर आली. मी तोंड उघडायच्या आत विठोबांनी हात पुढे केला.

"तारीख राहू द्या, मॅडम. पार्टीचा नंबर द्या."

तेव्हापासून डेडलाइन तेच विचारून घेतात, आणि पाळतातही. चुकली, तर फोन त्यांनाच करावा लागतो.