गोलू हलवायचा नाही

"आता हे हलवायचं नाही," राव सरांच्या आई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या सेटसमोर कापूर पेटवला.

मी ट्रायपॉडमागे उभी. माझी आठ वर्षांची सई कॅमेऱ्याच्या बटणावर बोट ठेवून उभी. कॅमेऱ्यात अजून एकही फोटो नव्हता. आणि माझा धंदा काय? वस्तू हलवायच्या.

स्टॉप मोशन म्हणजे फार काही थोर नाही. वस्तू ठेवायची, फोटो काढायचा. वस्तू केसभर सरकवायची, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की एका सेकंदाची फिल्म होते. मग वस्तू आपली आपण चालल्यासारखी दिसते आणि लोक विचारतात, "कॉम्प्युटरनं केलं ना?" हो बाई, कॉम्प्युटरनंच केलं. कंबर तेवढी माझी मोडली.

ही दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. नवरा चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात डिफेन्स फॅक्टरीत, राहायला तिथलंच क्वार्टर. मी रोज लोकल आणि बस करून टी. नगरला राव सरांच्या स्टुडिओत यायचे. स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घराचा वरचा मजला. धंदा मुख्यतः लग्नाच्या व्हिडिओंचा. नवरी गुलाबातून उगवायची, नवरा बदामातून, आणि मग दोघं ताजमहालावरून तरंगत जायची. हे करणारी माणसं एका रांगेत बसायची. कोपऱ्यातलं एक टेबल, एक ट्रायपॉड आणि दोन दिवे म्हणजे स्टॉप मोशन डिपार्टमेंट. तिथली हेड मी, स्टाफ मी, टेबल पुसणारीही मीच.

"हे काम वेळेत गेलं नाही तर टेबल बंद," राव सरांनी आधीच बजावलं होतं. "मग तू लग्नाकडे बस."

मला गुलाबातून नवऱ्या काढायच्या नव्हत्या. त्यापेक्षा सोलापूरला परत जाऊन चादरी विकल्या असत्या.

काम होतं मुरली नावाच्या क्लायंटचं. गुम्मिडिपूंडीला त्याचा प्लास्टिकचा कारखाना. आजवर बादल्या काढल्या, आता मुलांचे जोडायचे ठोकळे काढायला लागला होता. टी. नगरमध्ये त्याचं दुकान सरस्वतीपूजेच्या दिवशी, म्हणजे नवरात्राच्या नवमीला, उघडणार होतं आणि दुकानातल्या टीव्हीवर फिल्म हवी होती. विषय, ठोकळ्यांचा गोलू. इकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडतात आणि त्यांवर बाहुल्या बसवतात, तो गोलू. शेजारपाजारच्या बायका बघायला येतात, गाणं म्हणतात, हळदकुंकू आणि सुंडल घेऊन जातात. सुंडल म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ.

"मॅडम, पायऱ्या आठ करा," मुरलीनं पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं. "आमचे आठ कलर आहेत."

"अंकल, गोलूला ऑड नंबर लागतो," सई म्हणाली. "सात नाहीतर नऊ."

मुरलीचा जन्म इथल्याच मैलापूरचा, माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी चेन्नईत आलेली. तो म्हणाला, "करेक्ट. मी टेस्ट करत होतो."

सई तिथं होती, कारण क्लायंटला सगळं 'लहान मुलानं केल्यासारखं' दिसायला हवं होतं. मोठी माणसं यासाठी डोकं खाजवत बसतात. मी लहान मुलीकडूनच करून घेतलं. शाळेला सुट्टी होतीच. तिनं सात पायऱ्या बांधल्या, राजा-राणी बांधली, वाण्याचं दुकान मांडून बसलेला चेट्टियार आणि त्याची जाडी बायको बांधली. वर देवी, देवीसमोर कलश. कलशावरचा नारळसुद्धा ठोकळ्यांचा, हिरवा.

आता आमच्या धंद्यातली एक युक्ती सांगते. ठोकळा बसवताना हात थरथरतो, शेजारचा हलतो. काढताना कसलंच झंझट नाही. म्हणून अख्खा सेट आधी उभा करायचा, एकेक ठोकळा काढत फोटो घ्यायचे आणि शेवटी फोटो उलट्या क्रमानं लावायचे. बघणाऱ्याला वाटतं, गोलू आपोआप उभा राहतोय. युक्ती उत्तम आहे. फक्त त्यामुळे झालं असं, की नवरात्राच्या पहिल्या दिवशी आमचा गोलू पूर्ण होता आणि फिल्म शून्य.

शेजारी ठेवायला एक छोटी समई हवी होती. ती मागायला सई खाली राव सरांच्या आईंकडे गेली. त्यांना सगळी गल्ली पाट्टी म्हणायची, म्हणजे आजी. पाट्टींनी विचारलं, "वर गोलू मांडला का?" सई खरं बोलणारी मुलगी. म्हणाली, "मांडला."

झालं! पाट्टी समई, कुंकू, कापूर आणि फुलं घेऊन जिना चढून आल्या. एकदा आरती झाली की विजयादशमीपर्यंत गोलूतली बाहुलीसुद्धा जागची हलवायची नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ज्ञान कुठूनही मिळतं.

"पाट्टी, हा खरा गोलू नाही," मी म्हटलं. "शूटिंगचा आहे."

त्यांची मराठी तंजावरची, दोन-तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेली. मला निम्मी कळायची, उरलेली त्यांच्या डोळ्यांवरून कळायची. त्या म्हणाल्या, "देवी आहे, कलश आहे, पायऱ्या सात आहेत. खरं काय राहिलं मग? माती तेवढी खरी, प्लास्टिक खोटं, असं देवी येऊन सांगून गेली का तुला?"

मी खाली धावले.

"सर, तो सेट आहे."

"मला माहीत आहे. आईला सांग."

"सर, आई तुमची आहे."

"म्हणूनच तुला सांगतोय," राव सर म्हणाले आणि फोन वाजत नसताना उचलला.

या माणसानं आमच्या वीस जणांच्या ऑफिसला धाकात ठेवलं होतं.

मुरलीला फोन केला. दुसरे ठोकळे पाठवा, दुसरा सेट बांधतो. तो म्हणाला, साच्यातून निघालेला माल सगळा दुकानात सीलबंद, पुढचा माल पूजेनंतर. "पण मॅडम, प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हटलं, "तुमचा प्रॉडक्ट फारच पवित्र झालाय." तो खूश झाला.

त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसले आणि खरंच रडकुंडीला आले. आता राव सर लग्नाकडे खुर्ची सरकवायला सांगणार. इतकी वर्षं कंबर मोडून शिकलेलं काम एका कापराच्या वडीत जाणार होतं. त्यात मुरलीच्या दुकानाबाहेर फिल्मचा बोर्डही लागला होता. सई समोर बसून सुंडल खात होती. मला तिचाही राग आला. काय गरज होती इतकं खरं बोलायची?

"आई," ती म्हणाली, "पाट्टी बोलली बोम्मै हलवायचे नाही. माणसं हलवायचे नाही असं नाही बोलली."

बोम्मै म्हणजे बाहुली. मी ताडकन उठले. आमच्या धंद्यात ही पद्धत आहेच. वस्तूऐवजी जिवंत माणसाला एकेक पाऊल सरकवून फोटो काढायचे. मग माणूस पाय न उचलता जमिनीवरून घसरत येतो. मला येत होतं ते सगळं. सुचलं मात्र पोरीला.

दुसऱ्या दिवसापासून गोलू बघायला येणारी प्रत्येक बाई, म्हणजे इकडच्या बोलीत मामी, आमची बाहुली झाली. प्लास्टिकचा गोलू अशी बातमी गल्लीत पसरली होती, त्यामुळे खालचा खरा गोलू ओस आणि वर जिन्यापर्यंत रांग. सई हुकूम सोडायची. "मामी, एक पाऊल. थांबा. हसू नका." क्लिक. "अजून एक पाऊल." क्लिक. पंखा बंद, कारण वाऱ्यानं पदर उडतो आणि दर फोटोत वेगळा दिसतो. चेन्नईत, पंखा बंद करून, रेशमी साड्यांतल्या बायका! कुंकू ओघळून नाकापर्यंत यायचं. तरी एकही बाई हटली नाही. फिल्ममध्ये यायचं म्हटल्यावर माणसाची सहनशक्ती संतांच्या पलीकडे जाते.

अडचणी होत्याच. गोलूपुढे गाणं म्हणायचा रिवाज, त्यामुळे पद्मा मामी दर फोटोत तोंड उघडं ठेवून. एक मामी मध्येच सुंडल आणायला गेल्या. फिल्ममध्ये त्या गायब होतात आणि द्रोण घेऊन उगवतात. पाट्टी आधी फणकारल्या, "मी काय बोम्मै आहे?" मग नऊवारी नेसून आल्या. काम अर्धं राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी बोलावलं, तर वेगळी नऊवारी. का, तर कालचीच नेसली तर लोक काय म्हणतील! फिल्ममध्ये पाट्टी जांभळ्या येतात आणि तिसऱ्या पावलाला हिरव्या होतात. लोकांना ती माझी कल्पकता वाटली. मी नाही म्हटलं नाही.

शेवटच्या दिवशी मुरली बायकोला घेऊन आला.

"मॅडम, प्रॉडक्ट कुठंय?" स्क्रीनवर डोळे बारीक करून त्यानं विचारलं.

"पद्मा मामींच्या मागे."

"त्यांना काढता येईल?"

"येईल. पण त्या ओळीत पुढचा नंबर तुमच्या मिसेसचा आहे. त्यांनाही काढावं लागेल."

मुरलीनं बायकोकडे पाहिलं. बायको आरशासमोर मोगरा माळत होती. फिल्म अप्रूव्ह झाली.

सरस्वतीपूजेला दुकान उघडलं. प्रत्येक मामी आपापलं खानदान घेऊन स्वतःला बघायला आली. रस्त्यावर बस थांबली. आल्या तशा रिकाम्या हातानं कोण परत जाणार, म्हणून ठोकळेही खपले. राव सर दारात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "कॉन्सेप्ट माझी. आईची परवानगी घेणं तेवढं अवघड गेलं." सई हे ऐकून माझा हात ओढत म्हणाली, "आई, हे खोटं बोलतायत." मी म्हटलं, "हळू बोल. ते बॉस आहेत."

माझं टेबल वाचलं. वाचलं कसलं, वाढलं. त्या गर्दीत लग्न ठरलेल्या मुलींच्या आया होत्या. आठवड्याभरात राव सरांनी मला मोठं टेबल, नवा कॅमेरा आणि एक असिस्टंट दिला. आणि वरात दिली. आता नवरा मांडवाच्या दारापासून बोहल्यापर्यंत इंचाइंचानं घसरत येतो, आणि त्याला घसरवते मी. मागे मुहूर्त टळतोय म्हणून भटजी ओरडत असतात आणि नवऱ्याचा मामा दर पावलाला फ्रेममध्ये येऊन विचारतो, "माझा फोटो आला का?"

या धंद्यात एवढ्या वर्षांत एकच गोष्ट पक्की शिकले. काम निवडायची संधी मिळालीच, तर ठोकळे निवडावेत. ठोकळ्यांना मामा नसतो.