गुरुजींची एक ओळ

ऑफिसात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. शिकवलं त्यांनी कुणाला काहीच नाही. पण 'हं' असं काही म्हणत की समोरचा गारच पडे.

त्यांची सारी कीर्ती कोडच्या एका ओळीवर उभी होती. कंपनी कॉम्प्युटरच्या पोटात चालणारे खोटे कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बनवायची. त्यातलं नेटवर्क कार्डही खोटंच, सॉफ्टवेअरचं. डेटा आला की कार्डानं मशीनला हाक मारायची. त्या हाकेला म्हणतात इंटरप्ट. ती मधूनच पोचत नसे आणि मशीन ढिम्म बसून राही. गुरुजींनी तपासासाठी कार्डाच्या कोडमध्ये 'इथे आलो' असं छापणारी ओळ घातली, आणि बिघाड गायब! का, हे विचारायची बुद्धी काही त्यांना झाली नाही. ओळ तशीच ठेवून त्यांनी बढती मात्र पदरात पाडून घेतली.

पुढे त्यांची मुलगी त्याच टीममध्ये लागली. साफसफाई करताना तिनं ती ओळ बिनकामाची म्हणून काढली, आणि मशीन पुन्हा ढिम्म. मॅनेजर तिच्यावर उखडला. तिची नोकरी अजून कच्ची होती.

'ओळ माझी, घोळ माझा,' एवढंच बापानं म्हणायचं होतं. छे! त्यांनी ओळ परत घातली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कळत नसेल तर हात लावू नये, पोरी." असल्या बापाला काय म्हणावं!

पोरगी मात्र हट्टाला पेटली. खरं दुखणं तिला सापडलं. हातातलं काम उरकेपर्यंत मशीन इंटरप्ट बंद ठेवायचं. तेवढ्यात मारलेली हाक वाया जायची, आणि कार्ड ती पुन्हा मारतच नसे. छापण्यात वेळ जाई, म्हणून हाक उशिरा निघे आणि बहुतेकदा ऐकू येई. इंटरप्ट पुन्हा चालू होताच राहिलेली हाक मारायची, अशी सोय तिनं केली.

मॅनेजर म्हणाला, "गुरुजी, हिची दुरुस्ती बरोबर आहे एवढं तुम्ही म्हणा, हिला आजच कायम करतो."

गुरुजींना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. "हं. घाई नको," ते म्हणाले. झालं, तिची नोकरी कच्चीच राहिली.

घरी तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला समजलंच नव्हतं ना?"

"आधी जेवायला वाढ."

ती उठून आपल्या खोलीत निघून गेली. गुरुजींनी स्वतःच वाढून घेतलं आणि चक्क पोटभर जेवले.