हळदीकुंकवाचे एकतीस बूट

आमच्या लग्नाचं प्लॅनिंग माझ्या नवऱ्याला करायला मिळालं नाही, ते दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी परस्पर उरकलं. तेव्हापासून जे हाती लागेल त्याचं प्लॅनिंग करून तो त्याचा वचपा काढतो. लंडनच्या पिनर भागातल्या आमच्या घरात रविवारच्या भाजीखरेदीचासुद्धा तक्ता असायचा. वेम्बलीला गाडी कुठे लावायची, आधी कोथिंबीर घ्यायची की आधी कणीक, आणि इलिंग रोडवर ओळखीचं कोणी भेटलं तर मी किती वेळ बोलायचं, हे सगळं त्यात. मला सात मिनिटं मंजूर होती.

त्यामुळे दोन हजारच्या दशकातल्या एका नोव्हेंबरात त्याने जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीवरची पाच दिवसांची ख्रिसमस मार्केटची क्रूझ बुक केली, तेव्हाच मी ओळखलं की ही सहल नाही, हा प्रोजेक्ट आहे. क्रूझ त्याच्या आईसाठी होती. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती आणि सासूबाई नागपूरहून पहिल्यांदाच एकट्या आमच्याकडे सहा महिने राहायला आल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे. बोटीत बसलं की गावंच आपल्याकडे चालत येतात, असं नवऱ्याचं म्हणणं.

माझा डाव वेगळाच होता. पिनर आणि हॅरोच्या आम्हा बायकांत संक्रांतीचं हळदीकुंकू आळीपाळीने व्हायचं आणि येत्या जानेवारीत पाळी माझी होती. आदल्या वर्षीच्या वाणात स्टीलच्या डब्या मिळाल्या होत्या. तसल्या डब्या प्रत्येकीकडे आधीच सात-सात होत्या. त्याच्या आदल्या वर्षी प्लास्टिकची गाळणी मिळाली, ती पहिल्याच चहात वितळली. मी मनाशी ठरवलं होतं की माझं वाण त्या मार्केटमधून येईल आणि असं असेल की बायका पुढची दहा वर्षं नाव काढतील. नाव काढलं, पण ते पुढे.

आणखी एक गोष्ट होती, आणि खरी गोष्ट तीच. एका दुपारी शेंगा सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हळदीकुंकवाच्या दिवशी मी वरच्या खोलीत बसते. बाया गेल्या की खाली येईन." उद्या दूध जास्त लागेल, असं सांगावं तशा सुरात.

मला रागच आला. नागपूरच्या घरी या बाईने अडतीस वर्षं हळदीकुंकू केलं होतं. शंभर-शंभर बायका यायच्या, तिळगूळ घरी व्हायचा, गल्लीतल्या मोलकरणींपासून शाळेतल्या हेडबाईंपर्यंत सगळ्यांना एकच मान. सासरे गेले त्या वर्षापासून त्यांना बोलावणी येणं बंद झालं. कोणी काही बोललं नाही, भांडलं नाही, फक्त बोलावलं नाही. मी म्हटलं, "आई, तुम्ही खालीच बसायचं." त्या म्हणाल्या, "बाया तुला नावं ठेवतील," आणि पुढची शेंग उचलली. भांडणाऱ्या माणसाशी मी चांगली भांडते, पण जी भांडतच नाही तिच्याशी काय करणार? पाहुण्या तीस होत्या. मी ठरवून टाकलं, वाणं एकतीस आणायची. एकतिसावं त्यांच्या हातात ठेवायचं कसं, याचा काही विचार मी केला नव्हता.

नवऱ्याने मात्र सगळ्याचा विचार केला होता. त्याने तक्ता छापला आणि ऑफिसात लॅमिनेट करून आणला. कोणत्या गावात बोट किती वाजता लागणार, मार्केटपर्यंत चालायला किती मिनिटं, आईंच्या गुडघ्यांसाठी त्यात किती वाढवायची, टॉयलेटसाठी पन्नास सेंटची नाणी कोणाच्या खिशात. वाणाला नगास दोन पौंड, निर्णयाला दहा मिनिटं. शेवटचा रकाना होता 'अनपेक्षित आनंद', रोज पंधरा मिनिटं.

"अनपेक्षित आनंद दोन पंधराला का?" मी विचारलं.

"त्याच्या आधी जेवण आहे ना अगं," तो म्हणाला.

कोलोनला पहिलं मार्केट. लाकडाचे चिमुकले देवदूत होते, इतके गोड की मी लगेच एकतीस मोजायला लागले. किंमत सहा युरो. सासूबाई म्हणाल्या, "तिला सांग, एकतीस घेऊन राहिलो. दोनला देते का विचार." मी विचारलं. दुकानदारीण हसून म्हणाली, सहा. सासूबाईंनी मान उडवली, पाठ फिरवली आणि हळूहळू चालायला लागल्या. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात हा उपाय कधी फसला नव्हता. दहा पावलांच्या आत मागून हाक येतेच. दहा पावलं झाली. वीस झाली. पुढे सॉसेजवाला आला, त्यालाही त्यांनी मागे टाकलं. "बाप्पा!" त्या मागे न बघता म्हणाल्या, "बोलावून नाही राहिली ही." शेवटी मलाच धावत जाऊन त्यांना परत आणावं लागलं. तक्त्यातली अकरा मिनिटं गेली.

दुसऱ्या गावात मेणाच्या चांदण्या मिळाल्या, दोन युरोला एक. पण होत्या एकोणीस. नवरा म्हणाला, "एकोणीस चांदण्या घ्या आणि बारा दुसरं काहीतरी घ्या." हळदीकुंकवात दोन तऱ्हेचं वाण! कोणाला चांदणी आणि कोणाला साबण! तिला का आणि मला का नाही, यावरून हॅरोत फाळणी झाली असती. आम्ही दोघींनी त्याच्याकडे एकाच नजरेने बघितलं आणि तो घड्याळ बघायला लागला. सासू-सुनेचं त्या सहलीतलं ते पहिलं एकमत.

शेवटचं मोठं मार्केट कोब्लेंझचं. बोट साडेचारला सुटणार होती. दोन वाजले तरी वाण नाही, थंडीने नाकं लाल, आणि नवरा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. बरोबर दोन पंधराला त्याने जाहीर केलं, "अनपेक्षित आनंद," आणि गरम वाईनच्या टपरीवरून तीन कप आणले. सासूबाईंनी कपाचा वास घेतला. "दालचिनी. लवंग," त्या म्हणाल्या.

"आई, वाईन आहे हो ती," मी घाईघाईने म्हटलं.

"माहीत आहे. गरम आहे." आणि त्यांनी सगळा कप संपवला.

आमच्याच बोटीवरच्या एक आजी शेजारी उभ्या होत्या. मँचेस्टरला त्यांनी जन्मभर घरोघर टपाल वाटलं होतं, आणि अजूनही त्या दारोदार पत्रं टाकत सुटल्यासारख्या भरभर बोलायच्या. त्या म्हणाल्या की कपाचं डिपॉझिट अडीच युरो असतं. कप खिडकीवर परत दिला की पैसे परत, नाही दिला तर कप आपला. त्यांच्याकडे गावागावाचे कप होते. मी हातातल्या कपाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. लालचुटूक, चकचकीत, सांताक्लॉजच्या बुटासारखा, टोक वर वळलेलं, बाजूला सोनेरी चांदणी. अडीच युरो म्हणजे दोन पौंडांच्या आत! माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

टपरीवाल्याने नुसते कप विकायला साफ नकार दिला. कप हवा तर पेय घ्या. नवऱ्याने लगेच हिशेब केला. "नगास पाच युरो पडतील. बजेटच्या बाहेर. शिवाय एकतीस वाईन पिणार कोण?" सासूबाई आपल्या रिकाम्या कपात बघत होत्या.

त्या म्हणाल्या, "हे लोक कप देऊन अडीच परत घेऊन राहिले ना? मग ते अडीच मीच देते. त्यांना काय, पैशाशी मतलब."

आणि त्या कप परत घ्यायच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. जांभळी साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, वर मुलाचं जुनं अनोरॅक जाकीट, डोक्याला माकडटोपी, रुमालात बांधलेली नाणी. कोणी कप घेऊन आलं की त्या हसून हात पुढे करत आणि म्हणत, "गिव्ह मी, प्लीज. सेम मनी." जर्मन माणसं आधी दचकत, मग पैसे मोजून घेत आणि कप देऊन टाकत. मँचेस्टरच्या आजींना चेव आला. त्यांनी बोटीवरची सगळी म्हातारी मंडळी गोळा करून आणली आणि रांगच लावली. कोणी घाईने वाईन संपवत होतं, कोणी आमच्यासाठी दुसरी घेत होतं. मी नळावर कप विसळत होते, नवरा तक्त्याच्या मागे रेघा मारत होता. मार्केटमधला त्याचा तो सर्वात आनंदाचा तास असावा.

तीस झाले तेव्हा टपरीवाला बाहेर आला आणि दोन्ही हात हलवून म्हणाला, पुरे! त्याच्याकडे पेय ओतायला कप उरले नव्हते. त्याचंही खरं होतं. सासूबाई म्हणाल्या, "झाले ना तीस. हा माझा उष्टा परत देऊन टाकते, अडीच येतील." त्यांनी स्वतः प्यायलेला कप खिडकीवर ठेवायला हात उचलला.

मी तो हात धरला. "देऊ नका. एकतीस हवेत."

"तुझ्या यादीत तर तीसच बाया आहेत."

"एकतिसाव्या तुम्ही."

कप त्यांनी अनोरॅकच्या खिशात टाकला आणि चेन लावली.

चार वाजून बारा मिनिटं झाली होती. पिशव्या फाटायला लागल्या, तेव्हा मँचेस्टरच्या आजींनी फर्मान काढलं की प्रत्येकाने एक-एक कप हातात घ्यावा. नदीकाठाने सत्तरीतले वीस-बावीस इंग्रज हातात एकेक लाल बूट धरून लगबगीने चालले होते, मधे माझी सासू, आणि पुढे माझा नवरा तक्ता उंच धरून. एरवी मी त्याला 'अरे' म्हणते, सासूबाई आल्या की 'अहो'. त्या दिवशी सगळ्यांदेखत ओरडले, "अरे गाढवा, हळू चाल, आईंचे गुडघे!" सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." बोटीच्या दाराशी जाऊन आम्ही उतरताना घेतलेले आमच्या नंबराचे बिल्ले फळीवर परत लावले, तेव्हा चार मिनिटं उरली होती.

केबिनमध्ये मी सगळे कप पलंगावर ओळीने मांडले. डोळे निवले. मग नवरा म्हणाला, "हे बूट आहेत."

"दिसतंय मला."

"नाही, म्हणजे पायातले. तू बायकांना हळदीकुंकू लावणार आणि हातात पायताण देणार?"

मी पलंगाकडे बघितलं. तीस बूट, टोकं वर करून, माझ्याकडे बघत होते. ज्या बायका चपला दाराबाहेर काढून आत येणार, त्यांना मी आत बोलावून बूट वाटणार होते. तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. स्वस्त मिळालं की आमची अक्कल अशी गहाण पडते. मला रडूच यायला लागलं. वाण गेलं, मार्केट संपलं, आणि माझ्या शहाणपणाचा आता पिनरभर बोभाटा होणार.

सासूबाई खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. आधी त्यांचे खांदे हलले. मग त्या हसायला लागल्या, ठसका लागेपर्यंत हसल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "अडतीस वर्षं काय काय लुटलं मी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "वाट्या दिल्या, आरसे दिले, एकदा तर खराटे दिले. बूट काही सुचले नाही, बाप्पा."

"हसू नका हो आई. बायका नावं ठेवतील मला."

"ठेवतीलच." त्यांनी खिशातून आपला कप काढला आणि इतरांच्या ओळीत नेऊन ठेवला. "असं कर. त्या दिवशी मी खाली बसते, तुझ्या बाजूला. तू बूट वाटणारी, मी ही अशी. काय नावं ठेवायची ती दोघींत अर्धी अर्धी होतील. एकटीवर सगळी नको."

मी तेव्हा जे रडले, ते बुटांसाठी नव्हतं. नवऱ्याने घड्याळ बघितलं नाही, एवढं त्याच्या बाजूने नमूद करते.

जानेवारीत आमच्या पुढच्या खोलीत तीस बायका दाटीवाटीने बसल्या. सासूबाई सोफ्यावर, त्याच जांभळ्या साडीत. मी करंडा घेऊन उठले आणि सगळ्यांत आधी त्यांच्यासमोर वाकले. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. घाईत कुंकू जरा वाकडं लागलं. मी तिळगुळाने भरलेला बूट त्यांच्या हातात दिला आणि मग बाकीच्यांना वाटायला घेतले. आमच्यातल्या सर्वात वयस्कर बाईंनी आपला बूट टोकाला धरून उचलला, उलटा करून तळवा बघितला, माझ्याकडे बघितलं, सासूबाईंच्या कपाळाकडे बघितलं, आणि विचारलं, "हे बूट कुठले हो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "मी जमवलेत. रस्त्यात उभी राहून, एकेकाजवळून मागून. आत दारू होती, पण धुऊन आणलेत. माझा तेवढा उष्टा आहे."

त्या बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता सोफ्यावर सरकून सासूबाईंच्या शेजारी जागा करून बसल्या.