काकांचे श्रोते

आमचे काका कचेरीत मोठे साहेब होते, तेव्हा त्यांच्या बैठका जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू होऊन दिवे लागेपर्यंत चालत. हाताखालची माणसं मान डोलवत आणि काका त्याला एकमत समजत. पाठीमागे सगळे त्यांना सभापती म्हणायचे. निवृत्तीनंतर हे गुऱ्हाळ घरात आलं आणि घरातला जो तो काढता पाय घेऊ लागला. मीही घेतला, उगाच सज्जनपणा कशाला मिरवू?

मग काकांनी मागच्या खोलीत धिंगरी अळंबी लावली. भाताच्या ओल्या काडाच्या पिशव्यांत बियाणं भरून त्या दोरीला टांगल्या. काकूंना ती खोली भाड्याने द्यायची होती. हॉटेलच्या आचाऱ्याने माल घेतला तर खोली काकांची, नाहीतर भाडेकरूची, असं ठरलं.

रस्त्याचा आवाज नको म्हणून काकांनी झरोक्याला पुठ्ठा ठोकला. रोज सकाळी दार लावून ते दिव्याखालच्या खुर्चीत बसत आणि पिशव्यांपुढे बोलत. कुणाची बढती कशी अडवली, कुणाला कसं सरळ केलं. पिशव्यांना काढता पाय घ्यायला पायच नव्हते.

अळंबी फुटली तेव्हा काकांनी मला हाताला धरून आत नेलं. प्रत्येक पिशवीतून लांबलचक माना निघाल्या होत्या आणि सगळ्या खुर्चीकडे वळल्या होत्या.

"ऐकतात बघ," काका म्हणाले. "कचेरीत एकानेही इतकी मान लांब केली नव्हती."

त्यांचे डोळे भरून आले होते. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

आचारी आला. एक झुबका हातात घेऊन त्याने टोप्या कुठे आहेत असं विचारलं. नुसते चामट देठ कोण खाणार? पुढच्या तोडणीला बघू म्हणून तो गेला आणि काकू भाडेकरू शोधायला लागल्या.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बियाणं विकणाऱ्या बाईंना बोलावून आणलं. बाई आत गेल्या आणि रुमालाने वारा घेत बाहेर आल्या.

"या खोलीत कोण राहतं?"

"राहत कुणी नाही," काकू म्हणाल्या. "बोलतात."

बाईंनी सांगितलं ते असं: बुरशीला नाक नसलं तरी कोंडलेली हवा तिला बरोबर कळते. आपल्या श्वासातून बाहेर पडणारा वायू साठला, की ती अजून काडातच पुरलेली असल्यासारखी वागते आणि मोकळी हवा शोधत देठ लांबवत सुटते. टोपी उघडायची ती बाहेर पोचल्यावर. आणि वळली होती ती दिव्याकडे. म्हणजे श्रोते काकांपासून सुटायला धडपडत होते, अगदी कचेरीतल्या माणसांसारखे. हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण काकांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. मला खरंच वाईट वाटलं.

पुठ्ठा निघाला, खुर्ची अंगणात आली. काका तोंड मिटून आत जात, पाणी शिंपडत आणि बाहेर येऊन बसत. काकू मटार सोलायला तिथेच बसू लागल्या. एकदा काकांनी कचेरीची गोष्ट सुरू केली आणि अर्ध्यावरच थांबून विचारलं, "तुझं काय म्हणणं?" काकूंच्या हातातली शेंग खाली पडली.

पुढच्या तोडणीला टोप्या तळहाताएवढ्या आल्या. आचाऱ्याने सगळा माल उचलला आणि जाताना, असं केलंत तरी काय, म्हणून विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आता तासाभराचं गुऱ्हाळ ठरलेलंच, असं दोघांनाही वाटलं.

"काही नाही," काका म्हणाले. "बाहेर बसलो."