न पोळणारे पाय

आमच्या घराण्यातले पुरुष पन्नाशीच्या आसपास जातात. वडील बावन्नाव्या वर्षी गेले, कचेरीतून येऊन चपला काढता काढता. थोरले काका एकोणपन्नासाव्या वर्षी, धाकटे पंचावन्नाव्या. साठी पुरी झाली की आमच्याकडे नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात. मुलं, सुना, जावई समोर बसतात आणि म्हातारा म्हातारीच्या गळ्यात पुन्हा एकदा ताली, म्हणजे मंगळसूत्र बांधतो. तंजावूरच्या कुठल्याही गल्लीत वर्षातून चारदा हा सोहळा दिसतो. आमच्या घरात तीन पिढ्यांत एकदाही झालेला नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या छातीत एकदा कळ आली. ती वाताची निघाली, पण मी घाबरलो तो घाबरलोच. काहीही झालं तरी साठी गाठायची, असं मी त्या दिवशी ठरवलं. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत मी हेडक्लार्क होतो. फायली नीट ठेवणं एवढी एकच विद्या मला येत होती, तेव्हा मी माझ्या शरीराचीही फाईल उघडली.

खरोखरची फाईल, दोरी लावलेली. नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. टीव्हीवर नवे चॅनेल आले होते, सकाळी कुणीतरी आसनं शिकवायचा. दुकानांत हृदयाला चांगलं म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलाच्या पिशव्या लटकू लागल्या होत्या आणि पांढरे फुगीर स्पोर्ट्स शूज काचेत मांडलेले असत. तमिळ मासिकांत दर अंकाला चाळिशीनंतर तरुण कसं राहावं यावर एक पान असायचंच. मी ते कापायचो, लाल पेन्सिलीने खुणा करायचो आणि फायलीला लावायचो. वर देवनागरीत 'प्रकृती' असं लिहिलं होतं. आम्ही तंजावूरचे मराठी, पण घरात देवनागरी वाचणारा मी एकटाच. बायकोचं मराठी तोंडातलं, वाचायची ती तमिळ. त्यामुळे ती फाईल आपसूकच माझी एकट्याची झाली.

साडेपाचला शिवगंगा बागेत चालणं. घरी येऊन लाल फरशीवर आसनं. मग नाचणीची पेज, आमची कंजी, साडेनऊला उकडलेल्या भाज्यांचा डबा, भात मूठभर, साखर बंद, तळण बंद. मी जिभेवर ताबा मिळवला म्हणून माझं गावभर कौतुक झालं. त्यासाठी नळाला पाणी येताच पहाटे चारला उठून हंडे भरायची ती, नाचणी भिजवून वाटून गाळायची ती, आणि मुलीच्या शाळेचा वेगळा डबाही करायची तीच. मी सोडलेली साखर रेशनवर येतच होती. वाया कशाला घालवायची म्हणून तीही तिच्याच कॉफीत गेली.

"हें सगळें उकडून खाऊन तुम्ही खूप वर्षं वांचाल," ती एकदा कंजीचा पेला पुढे करत म्हणाली, "पण कशाला वांचायचें तेंही त्या कागदांत लिहिलें आहे कां?"

मला राग आला. माझा राग तसा नाकावरच असतो. मी म्हटलं, "तुझ्या गळ्यांत दुसरी ताली बांधायला."

ते तिच्या मनात घर करून राहिलं असावं.

बागेत आम्ही सातआठ जण चालायचो, सगळे चाळिशी ओलांडलेले सरकारी नोकर. एकाने विचारलं, बायकोलाही आणत जा की. मी म्हटलं, बायकांना वेगळा व्यायाम कशाला, घरातल्या घरात रोज त्यांचे पाचसहा मैल होतात. सगळे हसले. मीही हसलो.

एका कात्रणात लिहिलं होतं की शुगर चोरपावलांनी येते आणि पुष्कळांना तिची खूण आधी पायात दिसते. तळवे बधिर होतात, टोचलेलं कळत नाही. त्या ओळीखाली मी दोन रेघा ओढल्या. तेव्हापासून दर रविवारी अंघोळीनंतर मी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पाय पसरून बसायचो आणि हाक मारायचो, "अगो, पिन दे." आमच्याकडच्या बायका मंगळसूत्रात दोन सेफ्टी पिना अडकवून ठेवतात. त्यातली एक काढून ती मला द्यायची आणि शेजारी उभी राहायची. मी उजवा तळवा, डावा तळवा, दहा बोटं टोचून बघायचो. दुखलं की बरं वाटायचं. पिन परत दिली की ती पदराला पुसून जागेवर अडकवायची. चार वर्षं, दर रविवारी. तिचे अनवाणी पाय माझ्यापासून दोन हातांवर असायचे.

चौथ्या वर्षी ती बारीक होऊ लागली. चोळ्या सैल झाल्या, गालफडं बसली आणि डोळे मोठे दिसायला लागले. माझ्या पथ्याचा तिलाही गुण आला, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. शेजारीण म्हणाली, अक्का कॉलेजच्या मुलीवाणी दिसते. ती लाजली. खूप पाणी प्यायची, पण तंजावूरच्या उन्हाळ्यात कोण पीत नाही? त्रेचाळीस वर्षांची बायको तिशीची दिसते या आनंदात मी होतो.

चैत्र-वैशाखाच्या सुमाराला तिने एक मंडल धरलं. मंडल म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांचं व्रत. रोज मोठ्या देवळाच्या आवाराला अनवाणी अकरा प्रदक्षिणा, यजमानाने साठी पाहावी म्हणून. पहाटे करता आल्या असत्या, पण पहाट माझ्या कंजीला लागायची. माझा डबा, मुलीचं खाणं, धुणंभांडी उरकून तिला वेळ मिळायचा तो साडेअकराचा. त्या देवळाचं आवार दगडाविटांनी बांधलेलं, डोक्यावर सावली नाही. परगावचे लोक तिथे दुपारी उड्या मारत पळतात आणि आम्ही त्यांना हसतो.

पहिल्याच आठवड्यात ती सांगत आली, "सगळी माणसं सावली शोधत धांवत होतीं. मला पोळलें नाहीं. अंबाळ देवीची कृपा."

मी त्या दिवशी काय केलं ते मला लख्ख आठवतं. मी हात जोडले. संसारात पडल्यापासून बायकोपुढे हात जोडायची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी बागेत मी ही हकीकत सांगितली, एकजण म्हणाला की घरात साक्षात शक्ती नांदते तुमच्या, आणि मी छाती फुगवून पुढे चालू लागलो. फायलीतली दोन रेघा मारलेली ती ओळ मला आठवली नाही. ती ओळ माझ्या पायांसाठी होती.

चाळिसाव्या दिवसाच्या आसपास लाल फरशीवर ओलसर ठसे दिसू लागले. आसनं करताना माझा हात एका ठशावर पडला, चिकट लागला. मी ओरडलो, "पाय पुसून आंत येत जा ना." लाल फरशीवर रक्त दिसत नाही. ती फडकं घेऊन आली आणि पुसून गेली.

एक्केचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी तिनेच पाय दाखवला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. हळद आणि तिळेल लावून ती काळपट झाली होती.

"दुखतें कां?" मी विचारलं.

"नाहीं. दुखत कांहींच नाहीं. पण वास येतो." मग जरा थांबून म्हणाली, "राहिलेले दिवस नंतर करूं कां?"

मी काय बोललो ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. माझ्या मनात आलं की मध्येच मोडलेलं मंडल ज्याच्यासाठी धरलं त्याच्यावर उलटतं. मासिकं वाचणारा, नाचणी मोजून खाणारा, टीव्हीसमोर आसनं करणारा मी, पण एका क्षणात माझ्या वडिलांच्या चपला डोळ्यांपुढे आल्या आणि माझी गाळण उडाली. मी म्हटलं, "सातच दिवस राहिले. आतां मोडूं नको."

तिने मोडलं नाही. सात दिवस गेली, अकरा-अकरा प्रदक्षिणा करून आली. शेवटच्या दिवशी प्रसादाचं कुंकू माझ्या कपाळाला लावताना तिचा हात तापाने भाजत होता.

इस्पितळात तरुण डॉक्टरने तिला पडल्या पडल्या वर बघायला सांगितलं आणि एक सुई तिच्या तळव्याला टोचली. मग दुसरीकडे. मग टाचेला. ती छताकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "सुरू करतील कां डॉक्टर?" मी पायथ्याशी उभा होतो. सगळं काही त्याच वेळी कळलं, पुढचं नुसतं होत गेलं.

डॉक्टरने विचारलं, पाय कधीपासून बधिर आहेत? घरात कुणी लक्ष दिलं नाही? मी म्हटलं, ती काही सांगत नाही हो. माझ्या तोंडून हे बाहेर पडलं आणि तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी थकलोय असं वाटून बघावं तसं. ते मला अजून सहन होत नाही.

आधी अंगठा काढला. मग गुडघ्याखालचा पाय. त्या दोहोंच्या मध्ये ती खाटेवरून मला कंजी करायला शिकवत होती, नाचणी किती भिजवायची, गाठी होऊ नयेत म्हणून काय करायचं. पाय गेल्यावर एकदा हसून म्हणाली, "साठीला मी एका पायावर उभी राहूं कीं काय?" मी म्हटलं, "लग्न बसूनच लावतात." तिने त्यावर बराच वेळ विचार केला आणि "हो, तें खरें," म्हणाली. त्यानंतर नऊ दिवसांनी विष अंगभर पसरून ती गेली. इस्पितळाने हातात दिलेल्या तिच्या वस्तूंत ताली होती आणि तिच्यात दोन्ही पिना.

मुलगी शिकली, कंप्युटरच्या नोकरीवर बंगळूरला गेली. मी चालणं सोडलं नाही. सोडायचं मनात येई, पण सोडून मेलो तर तिचे अठ्ठेचाळीस दिवस कुठे जातील या विचाराने पहाटे पुन्हा बूट चढवायचो. कंजीच्या गाठी अजून होतात.

मी साठी गाठली. घराण्यातला पहिला. महिनाभर आधी तपासणी केली तेव्हा डॉक्टर म्हणाला, चाळिशीतल्या माणसासारखं हृदय आहे, काय करता तरी काय? मी सांगितलं की बायको होती. पुरोहिताला विचारलं तर तो म्हणाला, पत्नी नाही म्हणजे लग्नाचा भाग नाही, नुसता होम करू. मी म्हटलं, होमही नको. मुलीचा फोन आला, "अप्पा, मी येऊं कां?" मी तिलाही नको म्हटलं.

त्या दिवशी साडेअकराला मी मोठ्या देवळात गेलो. बूट बाहेर काढले. आता तिथे लोकांना चालायला काथ्याची चटई घालतात. मी चटईवरून खाली उतरलो, दगडावर. अकरा करायच्या ठरवून गेलो होतो. चार पावलं टाकली असतील. मग परगावच्या माणसासारखा उड्या मारत मी सावलीत पळालो आणि खांबाला धरून उभा राहिलो. कुणी हसलं नाही.

घरी येऊन पाय धुतले. तिण्णैवर बसून तिच्या तालीतली पिन काढली. उजवा तळवा, डावा तळवा, दहा बोटं. सगळीकडे दुखलं.