कुठला पंख खाली?

डेपोत त्याला सगळे बिनधक्का म्हणत. तीस वर्षं बस चालवली, पण गाडीला ओरखडा नाही की कुणाला धक्का नाही. आणि हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही, ती गोष्ट वेगळी! चहाला बसला की स्वतःची टिमकी सुरू. ऐकणाऱ्याचे कान किटायचे.

डेपोच्या वर्कशॉपमधला फिटर सुट्टीच्या दिवशी मैदानावर रिमोटचं विमान उडवायचा. "दादा, हे तुम्हाला जमायचं नाही," तो एकदा सहज बोलून गेला आणि बिनधक्काच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"अरे, एवढी मोठी बस बोळातून काढतो मी! तुझं खेळणं काय चीज आहे?"

झालं! तेव्हापासून सुट्टीची सकाळ मैदानावर जाऊ लागली. विमान शिकाऊ लोकांसाठीचं, रुंद पंखांचं, गरीब स्वभावाचं. दोन रिमोट वायरीने जोडलेले. फिटरने बटण दाबून धरलं की विमान शिकणाऱ्याच्या ताब्यात, बोट उचललं की परत फिटरकडे. विमान लांब जात असेल तर सगळं ठीक. पण आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि तिथे भलेभले गडबडतात. बिनधक्काही गडबडला. महिनाभर गडबडतच राहिला.

"दादा, डावं-उजवं डोक्यातून काढूनच टाका," फिटर म्हणाला. "विमान समोरून येताना जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला रिमोटची काठी ढकलायची. विमान आपोआप सरळ होतं."

इतकं सोपं! एवढ्यावर शाळकरी पोरंही दोन दिवसांत शिकतात. बिनधक्काचं मात्र एकदा बरोबर, एकदा चूक. कारण तो चक्क अंदाजपंचे ढकलत होता. कुठला पंख खाली आहे, ते त्याला दिसतच नव्हतं. नजर रोखली की बरोबर मधोमध धुरकट डाग यायचा आणि विमान त्यात गडप व्हायचं. हे त्याला वर्षभरापासून ठाऊक होतं हो! पण झाकली मूठ सवा लाखाची. मैदानावर नवशिक्याच्या चुकांआड डोळे लपले आणि रस्त्यावर सवयीआड.

एका रविवारी अचानक वारा सुटला. फिटरने बटणावरचं बोट उचललं, मोटर बंद केली आणि विमान दोघांच्या पाठीमागे अलगद उतरवलं. वळून बघतो तर बिनधक्का मान वर करून काठ्या हलवतोच आहे.

"दादा, काय करताय?"

"वळवतोय. गप्प बस जरा, मध्ये मध्ये बोलू नकोस."

"दादा... ती घार आहे."

बिनधक्काचे हात खाली आले. प्रसंग हसण्यासारखाच होता, पण फिटर हसला नाही. वायर गुंडाळत त्याने विचारलं, "उद्या कुठली फेरी?"

"शाळेची."

"पोरं किती?"

"पंचेचाळीस." बिनधक्काने त्याचा हात धरला. "अरे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. रस्ता मला पाठ आहे. कुणाला बोलू नकोस, तुझ्या पाया पडतो."

"रस्ता पाठ असेल हो! मधेच धावत येणारं पोर पाठ असतं का?" फिटर भडकलाच. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगायचं. उद्या, गाडी निघायच्या आत."

घरी बायकोने ताट वाढलं, पण तो नुसता भात चिवडत बसला. शेवटी त्याने सगळं सांगून टाकलं. वाटलं, ती कपाळावर हात मारेल.

"मला कधीचंच कळलंय," ती म्हणाली. "हल्ली माझ्याशी बोलताना तुम्ही माझ्या कानाकडे बघता."

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटायची. तुम्हाला गाडीवरून उतरवलं तर तुमचं काय उरेल, याची." तिने ताट बाजूला सारलं. "पण पोरं आहेत हो गाडीत."

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच डेपोच्या साहेबांसमोर उभा राहिला. साहेब कागदांत डोकं घालून बसले होते.

"डोळे? अहो, तपासणीत पास झालात ना तुम्ही?"

"रांगेत पुढे होते त्यांचं ऐकून तक्ता पाठ केला होता, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. उठून केबिनचं दार लोटून घेतलं. मग ते हळूच म्हणाले, "आज तिघे रजेवर आहेत. एवढी एक फेरी मारा. उद्यापासून बघू काय ते. मी काही ऐकलंच नाही असं समजा."

अगदी हवं तेच पुढ्यात आलं होतं! गाडीची किल्ली टेबलावर होती, हाताच्या अंतरावर. एक फेरी, ओळखीचा रस्ता, आणि कुणास ठाऊक, उद्या साहेब विसरूनही गेले असते. त्याचा हात पुढे झालासुद्धा.

"नाही साहेब," तो म्हणाला आणि किल्ली त्याने त्यांच्याकडे सरकवली. "समोर पोर आलं तर मला दिसणार नाही."

अर्ध्या तासाने बदली ड्रायव्हर गाडी घेऊन निघाला. बिनधक्का फाटकाशी उभा होता. नवख्या हाताने गिअर टाकला आणि खर्रर्र करून सगळं आवार दणाणलं.

"क्लच पुरता दाब रे, बाबा," तो पुटपुटला आणि मग मात्र त्याला रडू आवरेना.